दांड्यावरचा श्री

कट्टा गावच्या मिस्त्रींना खुळा म्हणणाऱ्यांची यादी करायची ठरवली, तर अख्खा बाजार तिच्यात येईल. शाळेचे मास्तर येतील, हॉटेलवाला येईल, देवळाचे मानकरी येतील आणि मीही येईन. मिस्त्री गेल्या वर्षी वारले. आता त्याच हॉटेलात बसून, त्याच बशीत चहा ओतून लोक म्हणतात, "माणूस सोन्यासारखो होतो हां." मला ते ऐकवत नाही. सोन्यासारखा होता, तर शेवटची तीन वर्षं त्याच्या दुकानाची पायरी कोणी का चढलं नाही? हे विचारलं की बशी खाली ठेवतात आणि पावसाचं बोलतात.

त्यांचं दुकान एस.टी.च्या थांब्यामागे होतं. तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत, वर पत्रा, चौथी बाजू उघडी. मागच्या भिंतीवर खिळेच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी मोडलेलं टांगलेलं. वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन, दात गेलेलं गिअरचं चाक. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर पेन्सिलीने मोडण्याचं कारण. 'तेल बदलले नाही.' 'बोल्ट जास्त आवळला.' 'खाडीचे पाणी घातले.' पेन्सिलही तिथेच एका खिळ्याला बांधून ठेवलेली असे.

"ह्यो कोणाचो पिस्टन, मिस्त्रीनू?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पिस्टनाक नाव नसता. कोणी मोडलो तां लिवचां नाय. कित्याक मोडलो तां लिवचां. नाव लिवलां की माणूस भांडूक येता आणि कारण थयच रवता."

'नशीब' हा शब्द त्या पत्र्याखाली चालत नसे. एकदा एका ट्रकवाल्याने कपाळाला हात लावला. "काय करतलंय मिस्त्रीनू, नशीबच खराब."

"खंय बसवलेला आसा तां?" मिस्त्री पाना उचलून म्हणाले. "दाखव, खोलून बगतंय."

एवढा कारणांचा माणूस. पण इंजिन उघडलं की आत जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या भागावर बारीक छिन्नीने 'श्री' कोरायचा, हा त्यांचा नेम होता. टॅक्सी असो, देवबागच्या मासेमारी मचव्याचं इंजिन असो की भात सडायच्या गिरणीचं. श्री कोरल्याशिवाय झाकण बंद व्हायचं नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा, पत्रकं लिहिणारा. ड्रायव्हर-क्लीनरांची संघटना आम्ही नुकती बांधत होतो आणि देव, शेट नि सरकार या तिघांवर माझा सारखाच राग होता. मी म्हणायचो, "मिस्त्रीनू, भिंतीवर शास्त्र आणि इंजिनात श्री? ह्यां कसां जमता?"

"तू तुज्या कागदाच्या डोक्यार काय लिवतंस?"

"बंधूंनो."

"मगे? वाचून किती बंदू इले आजपर्यंत?"

ते हसायचे नाहीत. विनोद केला की त्यांचा चेहरा उलट जास्त गंभीर व्हायचा.

त्यांना पत्रं येत नसत. मुंबईच्या एका सुट्या भागांच्या दुकानाचं दरपत्रक तेवढं वर्षातून दोनदा यायचं. पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "मिस्त्रीनू, तुमका पत्र इलां!" मिस्त्री हात धुवायचे, रॉकेलने, मग साबणाने. दरपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि त्याच दिवशी कार्ड लिहायचे. 'आपले पत्र पावले. वाचून आनंद झाला. येथील सर्व क्षेम आहे. तिकडील खुशाली कळवावी.' छापील दरपत्रकाला उत्तर! आम्ही त्यावर किती हसलो असू. मला त्यांच्याच तोंडून पुढे कळलं की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते परदेशात विमानांच्या वर्कशॉपात फिटर होते आणि इकडे देवबागात त्यांची बायको तापाने गेली. भावाचं पत्र हातात पडलं तेव्हा तिचं वर्षश्राद्धही उरकलं होतं. त्यानंतर कुठलंच पत्र त्यांनी बिनउत्तराचं ठेवलं नाही. हे कळल्यावरही आम्ही हसायचं थांबवलं नाही. थोडं हळू हसू लागलो, एवढंच.

रविवारी ते पहिल्या गाडीने मालवणला जायचे आणि तिथून चालत देवबागला. भावाचं घर तिथेच, पण घरात जायचे नाहीत. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उकिडवे बसायचे. पाणी मागे जाताना ओल्या वाळूवर एकामागे एक बारीक वळणदार रेघा ठेवून जातं, त्या बघत. एकदा मीही बरोबर होतो.

"काय दिसता?"

"पाणी खंयसून इला आणि कितीदा थांबला, सगळां लिवलेलां आसा. वाचूक कोण बसता?"

मग लांब नाकाची ती गाडी आली.

मुंबईत ठेकेदारी करून मोठे झालेले आमच्याच भागातले एक शेट. त्यांनी लढाईच्या आधीची एक विलायती गाडी कुठूनशी मिळवली आणि गावात मिरवायला आणली. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. गाडी मुंबईहून येता येता खडखडायला लागली होती. शेटांचा ड्रायव्हर बाबल तिला कशीबशी मिस्त्रींच्या दारात घेऊन आला. बाबल कट्ट्याचाच, माझ्याच वयाचा. मिस्त्रींनी नाक उघडलं, आत बघितलं आणि चष्मा काढून पुसला.

"फुंकणी," ते म्हणाले. "पंधरा वर्सांनी बगतंय."

विमानांच्या इंजिनांना असाच पंखा असतो. त्यांचं सगळं तरुणपण त्यात गेलं होतं. त्या आठवड्यात मिस्त्री जितके बोलले तितके मी त्यांना आधी किंवा नंतर कधीच बोलताना ऐकलं नाही. मला समोर बसवून शिकवत होते. "जातां गोल फिरता. पण खुटो धरलेलो बायलमाणसाचो हात पुढे-मागे जाता. पिस्टन म्हणजे खांदो, आणि ह्यो दांडो म्हणजे हात." त्यांनी कनेक्टिंग रॉड उचलून दाखवला. वीतभर लांबीचा, कमरेत बारीक. "आता चुलीत फुंकणी घातलंस की जाळ वाढता. जाळ वाढलो की खांदो जोरान ढकलता. पण सगळो भार कोणार? हातार. मिनटाक हजारदा दाबलो जाता, हजारदा ताणलो जाता. आमच्या वर्कशॉपात दांडो आरशासारको घासून ठेवायचे. साहेबाक त्येच्यार नखाचो ओरखडोसुद्धा चलत नाय होतो."

हे सांगताना त्यांच्या हातात छिन्नी होती.

मला आजही तो क्षण स्पष्ट दिसतो. मी समोरच खोक्यावर बसलो होतो. वाक्य ऐकलं होतं, छिन्नी दिसत होती आणि दोन्हींचा संबंध मला लागला नाही. मला फक्त माझी मस्करी सुचली. "मिस्त्रीनू, एवढ्या मोठ्या इंजिनाक तुमचो बारको श्री पुरतलो?"

"म्हणान आज खोल काडतंय," ते म्हणाले. आणि काढला. चारही दांड्यांवर. लग्नाच्या पत्रिकेवर काढावा तसा, वळणदार आणि खोल.

गाडी सुरू झाली तेव्हा पंख्याची एक बारीक शीळ बाजारभर ऐकू आली. मिस्त्री लांब पान्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानावर ठेवून डोळे मिटून उभे राहिले. बाबल म्हणाला, "मिस्त्रीनू, बरां आसा मां?" त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

आठ महिने गाडी उत्तम चालली. मग एका दुपारी कट्ट्याहून मालवणला जाताना चढावर शेटांना पुढे एस.टी. दिसली. शेट मागे बसून म्हणाले, "दाब रे." बाबलने दाबलं. बंदुकीसारखा आवाज झाला. एक दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, चाकं जागीच आवळली आणि गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. शेटांचा हात मोडला. एस.टी.तले लोक खिडकीतून बघत होते, हे शेटांना हातापेक्षा जास्त दुखलं असावं. त्यांनी पोलिसात जबाब दिला की ड्रायव्हरने इंजिनात तेलच घातलं नव्हतं. इंजिन फुटल्यावर तेल रस्त्यावर सांडलं होतं, आत थेंब नव्हता. पुरावा तयारच होता. बाबलचं लायसन जमा झालं.

बाबलचा नंबर त्याच महिन्यात एस.टी.त लागणार होता. मुलाखत झाली होती. हा डाग लायसनवर बसला असता तर एस.टी. नाही, ट्रक नाही, काही नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं. आई, बायको, दोन पोरी. तो माझ्याकडे येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मी तेल घातलेलंय रे. सकाळीच बगलंय. आवशीची शप्पत."

माझं रक्त तापलं. मी रात्र जाऊ दिली नाही. मालवणच्या छापखान्यात पत्रक लावलं. 'शेटजींची हौस, ड्रायव्हरला फाशी!' शेटजींनी चढावर गाडी दाबायला लावली, त्या दाबाने इंजिन फुटलं आणि आता गरिबाच्या गळ्यात दोष घालतात, असं मी ठासून लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारात एक माणूस सोडला नाही. भाषा जोरदार होती. मला अजून पाठ आहे आणि आता तिची लाज वाटते.

एक प्रत घेऊन मी आणि बाबल मिस्त्रींकडे गेलो. मोडलेली गाडी तिथेच ओढून आणली होती. सोमवारी रत्नागिरीहून मोटार इन्स्पेक्टर तपासायला येणार होते. मिस्त्रींनी इंजिन खाली घेतलं होतं आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून तुटलेल्या दांड्याचे दोन तुकडे बघत होते. पत्रक त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"दाबणारो पाय कोणाचो होतो?" त्यांनी विचारलं.

"शेटानी सांगितल्यानी म्हणान..."

"पाय कोणाचो?"

"माजो," बाबल म्हणाला.

"इन्स्पेक्टर तोंड लिवन घेणा नाय. पाय लिवन घेता." ते माझ्याकडे वळले. "झिला, तू ह्येका सोडवूक गेलंस आणि दाबलो म्हणान कबूल करून छापून इलंस."

मला खरंच हे सुचलं नव्हतं. ज्याला वाचवायला निघालो त्याचाच कबुलीजबाब मी बाजारभर वाटला होता. मी घाईघाईने म्हटलं, "मगे तेलाचां?"

"तेल होतां." त्यांनी बेअरिंगचे दोन अर्धगोल हातावर ठेवले. "तेल नसलां की ह्यां करपता, निळां पडता. बग, कसां चकचकीत आसा. तेलाचां खोटां. आणि दाबलो म्हणान तुटलो, तांय खरां नाय. दांडो बरो असतो तर दाबून पण तुटलो नसतो."

"मगे तुटलो कित्याक?"

त्यांनी भिंग मला दिलं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळाची ढेप फोडल्यासारखा खरखरीत होता. तो एका झटक्यात तुटलेला. उरलेला अर्धा मात्र गुळगुळीत, आणि त्याच्यावर बारीक वळणदार रेघा, एकामागे एक. मी त्या कुठे पाहिल्या होत्या ते लगेच आठवलं. देवबागच्या ओल्या वाळूवर.

"रोज वायच वायच तडो पुढे गेलो," मिस्त्री म्हणाले. "आठ म्हयने. आता मागे मागे ये. खंयसून निघालो तां बग."

मी रेघांच्या मागे मागे गेलो. त्या लहान होत होत एका बिंदूपाशी गोळा होत होत्या. बिंदू दांड्याच्या कडेला होता. तिथे छिन्नीची खाच होती. श्रीच्या वेलांटीचं टोक.

बाहेर एस.टी. आली, माणसं उतरली, गेली.

"साध्या इंजिनात चलला," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्सां चलला. फुंकणीच्या इंजिनात चलूचां नाय, ह्यां माका ठावक होतां. तुका सांगत होतंय. सांगता सांगता कोरलंय."

संघटनेत शिकलो होतो तसा मी डाव टाकला. "मिस्त्रीनू, तेलाचां खोटां आसा, एवढांच सांगा. मॅटर मिटता. श्रीचां कोणाक दिसणा नाय. ही वेलांटी कानशीन घासलात की झाला."

बाबलही हळूच म्हणाला, "व्हय मिस्त्रीनू. तुमचां नाव जायत."

"तेल नाय, तर मगे काय, म्हणान इन्स्पेक्टर विचारतलो. मगे पाय येतलो." त्यांनी तुकडे कापडात गुंडाळले. "कानस माजी आसा. ती ह्या कामाक नाय."

सोमवारी इन्स्पेक्टर आले. बाजार दुकानाबाहेर जमला होता. सरकारी माणसासमोर मिस्त्री नेहमीची बोली सोडून एकदम कार्डावरच्या भाषेत बोलायला लागायचे. हात बाजूला घट्ट ठेवून उभे राहिले.

"साहेब, सदर दांडा आमच्या हाताने बसविलेला असून त्यावर आम्ही श्री कोरिलेला आहे. तडा तेथूनच निघालेला आहे. इंजिनात तेल होते. चालकाचा दोष दिसत नाही."

इन्स्पेक्टरांनी भिंगातून खूप वेळ बघितलं. माणूस जाणता होता. हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, हे मी लिहून घेतलं तर तुमच्याकडे पुन्हा कोण इंजिन आणेल?"

"तो रकाना आपल्या कागदात आहे काय, साहेब?"

त्यांनी लिहून घेतलं. बाबलला लायसन मिळालं. महिन्याभरात तो एस.टी.त लागला.

आणि कट्ट्याने मिस्त्रींना टाकलं. याचाच मला संताप येतो, कारण टाकायला दोन बाजूंनी दोन कारणं निघाली आणि दोन्हींना एकमेकांचं काही पडलं नव्हतं. मानकरी म्हणाले, "देवाच्या नावाक दोष दिल्यान. सगळां खराब करून वर श्रीमुळे तुटला म्हणता." आणि टॅक्सीवाले, मचवेवाले म्हणाले, "आमच्या इंजिनात पण त्येनीच कोरल्यानी." साध्या इंजिनांना धोका नाही, हे मिस्त्री जीव तोडून सांगत होते. पण भीती बसली की ती बसली. लोक इंजिनं कुडाळला नेऊ लागले.

मिस्त्रींनी मग काय करावं? आजवर जिथे जिथे श्री कोरला होता त्या सगळ्या मालकांकडे ते स्वतः निघाले. पिशवीत पाने आणि पॉलिशपेपर. दांडा काढून द्या, मी खाच लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करून देतो, काही नको. कोणी आत घेतलं नाही. देवबागात त्यांच्या सख्ख्या भावाने मचव्यावर चढू दिलं नाही. "पॉलिशपेपर घेवन फिरता खुळो," असं पोरं त्यांच्यामागून ओरडत जायची. मी हे स्वतः ऐकलं. पोरांना रागावलो. पण त्या दिवशी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर चालायला मला कोणी अडवलं नव्हतं. संघटनेची सभा होती. सभा नेहमीच असते.

बाबलची गाडी रोज कट्ट्यावरून जायची. दुकानासमोर आली की तो दोनदा हॉर्न द्यायचा. थांब्यावरही खाली उतरायचा नाही. मिस्त्रींसमोर उभं राहायला त्याला जड जात असावं. मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "हॉर्नाची वायर ढिली आसा. सांग तेका." मी सांगायचं विसरायचो.

आणि आम्ही? ज्या पत्रकात चूक छापली होती, त्याची दुरुस्ती छापायला हवी होती. मी मांडलं. सहकारी म्हणाले, आता शेटांना कशाला उगाच मोकळं करायचं? बाबल सुटला ना, झालं. मी मान डोलावली. मिस्त्रींच्या बाजूने एक ओळ आम्ही छापली नाही. कट्ट्यात दोनच छापील गोष्टी फिरत होत्या, माझं पत्रक आणि मुंबईचं दरपत्रक. उत्तर फक्त दरपत्रकाला जात होतं.

मिस्त्री गेले ते दुकानातच, खोक्यावर बसल्या बसल्या. दोन दिवसांनी जागेच्या मालकाने मला निरोप दिला, "भिंतीवर तुमचो कायतरी कागद आसा, घेवन जावा. नायतर भंगारवालो नेतलो."

मी गेलो. पत्रा तापला होता. हत्यारं ओळीने पुसून ठेवलेली. भिंतीवर शेवटच्या खिळ्याच्या आधीच्या खिळ्याला त्या दांड्याचे दोन तुकडे टांगले होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'कारण: फुंकणीच्या इंजिनात दांड्यावर खोल श्री कोरला.' आणि त्याच्या खाली, अख्ख्या भिंतीवर कुठल्याच चिठ्ठीवर नसलेली दुसरी ओळ: 'कोणी: मी.'

शेवटच्या खिळ्याला माझं पत्रक टोचलेलं होतं. 'शेटजींची हौस, ड्रायव्हरला फाशी!' कागद पिवळा पडला होता. त्यालाही दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. 'कारण: दांडा बघण्याआधी छापले.'

खाली नाव नव्हतं. आपला नियम त्यांनी फक्त स्वतःसाठी मोडला होता.

पुठ्ठ्यावर एका ओळीची जागा होती. मी खिळ्याला बांधलेली पेन्सिल ओढून घेतली, 'कोणी' लिहिलं आणि पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं. टोक मोडलं नाही. त्यांनी ते तासून ठेवलेलं होतं.